रावे आणि ईएलपी: चौथ्या वर्षातली दोन वेगळी कामं

उद्यानविद्येच्या पदवीला असलेल्या मुलामुलींच्या घरी चौथ्या वर्षी एक प्रश्न हमखास येतो: "आता वर्ग नाहीत म्हणजे ट्रेनिंग चालू आहे ना?" मूल "हो" म्हणतं आणि विषय संपतो. पण या वर्षात ट्रेनिंग दोन असतात, आणि ती एकमेकांसारखी फक्त लांबून दिसतात. सातव्या सत्रात रावे, म्हणजे ग्रामीण कार्यानुभव. आठव्या सत्रात ईएलपी, म्हणजे अनुभवाधारित शिक्षण. कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम सुचवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात दोन्हींना प्रत्येकी २० श्रेयांक आहेत, दोन्हीकडे रोजची डायरी लिहायची असते, आणि दोन्ही कार्यक्रम २०१५ साली सुरू झालेल्या 'स्टुडंट रेडी' या एकाच छत्राखाली येतात. त्यामुळे गल्लत होणारच. मुलाखतीला जाताना बायोडेटात "सहा महिने ट्रेनिंग" अशी एकच ओळ लिहिणारे पदवीधर मी पाहिलेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या एका ओळीत त्यांचं अख्खं वर्ष दडपलं जातं.

फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे. जमीन कोणाची आणि तोटा कोणाचा, एवढं विचारायचं.

रावेत जमीन शेतकऱ्याची असते. विद्यार्थी गटागटाने एखाद्या गावात जातात आणि प्रत्येकाला एक यजमान शेतकरी नेमून दिलेला असतो. मुलींना गावात उद्यानकन्या म्हणतात, मुलांना उद्यानदूत. कृषी पदवीच्या आराखड्यात या वीस आठवड्यांची वाटणी अशी आहे: ओळखवर्गाला एक, गावात आठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्रात पाच, पीक चिकित्सालयाला दोन, कृषी उद्योगात तीन आणि अहवालाला शेवटचा एक. उद्यानविद्येत भर फळबाग, रोपवाटिका आणि प्रक्रिया उद्योगांवर असतो, पण गाभा गावातल्या मुक्कामाचाच. स्टुडंट रेडीतून जास्तीत जास्त सहा महिने दरमहा ३,००० रुपये विद्यावेतन मिळतं.

माझं रावेचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात होतं. पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, आगरात कोळेरोगासाठी (पावसात फळं कुजवणारा बुरशीचा रोग) बोर्डो मिश्रणाची दुसरी फवारणी करायची होती. जुलै संपत आलेला, पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, हे मला झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आलं असतं. प्लॅस्टिकच्या दोन पिंपांत दोन्ही वेगळं विरघळवलं, तिसऱ्यात एकत्र ओतलं. रंग छान आकाशी आला. मी पंपाकडे हात केला तर यजमान काका म्हणाले, "थांब गो, आधी विळा बुडव." घासून स्वच्छ केलेला विळा मिनिटभर बुडवून काढला तर पात्यावर तांबूस थर चढलेला. म्हणजे मिश्रणात मोकळं तांबं शिल्लक होतं. तसंच फवारलं असतं तर घोस करपले असते. चुना गेल्या वर्षीचा होता, हवा लागून अर्धा मेलेला, त्याचा जोर पुस्तकातल्या चुन्याइतका उरलाच नव्हता. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत, विळा पुन्हा पुन्हा बुडवत गेलो. पातं कोरं निघालं तेव्हाच पोफळीवर चढणारा माणूस कमरेला दोर बांधायला लागला.

ही चाचणी मी परीक्षेत लिहून आले होते, गुणही मिळाले होते. पण त्या दिवशी ती चुकली असती तर नुकसान माझं झालं नसतं, काकांचं झालं असतं. रावेची सगळी जबाबदारी इथे आहे. देखरेख करणारे प्राध्यापक आठवड्यातून एखाद्या दिवशी येतात, डायरी बघतात, प्रात्यक्षिकाला उभे राहतात. उरलेले दिवस खरा पर्यवेक्षक तो शेतकरीच. म्हणून बॅनर धरून फोटो काढण्यात ज्यांचे दिवस जातात त्यांच्याबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं: प्रात्यक्षिकं दहा झाली की पाच, याने फरक पडत नाही. शिवारफेरी मात्र मनापासून करा. रांगोळीने गावाचा नकाशा काढताना विहिरी कोणत्या आणि त्या कोणत्या महिन्यात आटतात हे बायकांना विचारा. ते कुठल्याही पुस्तकात नाही.

ईएलपीत सगळं उलटं. इथे गाव नसतं, महाविद्यालयाचं प्रक्षेत्र किंवा प्रक्रिया केंद्र असतं. रोपवाटिका, संरक्षित शेती, फुलशेती व उद्यानरचना, ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर), फळे-भाजीपाला प्रक्रिया अशा विभागांतून दोन निवडायचे, दहा-दहा श्रेयांकांचे. सल्ला कोणाला द्यायचा नाही. माल करायचा आणि विकायचा. विभागप्रमुख रोज समोर असतात, खरेदीच्या पावत्या तपासतात, साठा नोंदवही बघतात. नफा झाला तर महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांना वाटा मिळतो.

आमच्या गटाने आंब्याचा स्क्वॅश केला. अन्न मानकाप्रमाणे स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळाचा रस आणि एकूण विद्राव्य घटक किमान ४० टक्के हवेत. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरायचा आणि रेघ ४० च्या वर आहे ना ते बघायचं. ते आम्ही चोख केलं. चुकलो ते किमतीत. आंबे, साखर, सायट्रिक आम्ल, बाटल्या, झाकणं, लेबलं असा सगळा हिशेब मांडून दर ठरवला, बाटल्या भराभर संपल्या आणि आम्ही खूश. मग सरांनी वही पुढे ओढून विचारलं, "गॅस कुठे आहे? फुटलेल्या बाटल्या? तुमची मजुरी?" तिन्ही धरल्यावर प्रत्येक बाटलीमागे आम्ही पदरचे पैसे घातले होते. आम्हाला वाटलं होतं, माल संपला म्हणजे धंदा झाला.

आणखी एक फरक हंगामाचा आहे आणि तो निवड करताना फार कमी जण बघतात. रावे पावसाळ्यात पडतं, ईएलपी हिवाळा-उन्हाळ्यात. कोकणात कोय कलमांचा हंगाम पावसाळ्याचा, त्यामुळे आंब्याची कलमं स्वतः बांधायच्या आशेने आठव्या सत्रात रोपवाटिका घेणाऱ्यांच्या हाती बहुतेक भाजीपाल्याच्या रोपांचे ट्रे येतात. ते कामही उत्तम आहे, पण आधी माहीत असलेलं बरं. कलमं शिकायची असतील तर रावेच्या गावाजवळ रोपवाटिका कुठे आहे ते जुलैतच शोधा आणि सकाळचे दोन तास तिथे मागून घ्या. प्रक्रिया विभागाला मात्र आंबा, काजू, कोकम सगळं ऐन उन्हाळ्यात हाताशी येतं.

रावेतले तीन आठवड्यांचे उद्योगभेटीचे दिवस किंवा पदवीनंतरची अप्रेंटिसशिप ही आणखी वेगळी गोष्ट. त्यांना ईएलपी समजू नका. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रमाची मांडणीही बदलते आहे, तेव्हा श्रेयांक आणि आठवडे आपापल्या महाविद्यालयात एकदा विचारून घ्यावेत.

बायोडेटात मात्र दोन ओळी स्वतंत्र लिहा. रावेच्या ओळीत गाव, पीक आणि तिथला प्रश्न. ईएलपीच्या ओळीत माल, नग, खर्च आणि विक्री. माझ्या पहिल्या मुलाखतीत रोपवाटिकेच्या मालकांनी श्रेणीपत्रक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "बाटलीमागे किती तोटा आला होता?" मी आकडा सांगितला. त्यावर पुढचा अर्धा तास ते फक्त गॅस आणि मजुरीबद्दल बोलत होते.