कॅम्पर व्हॅनमधील बॅटऱ्यांची देखरेख

राहण्याची सोय असलेल्या गाडीत साधारणपणे दोन बॅटऱ्या असतात : इंजिन चालू करणारी स्टार्टर बॅटरी आणि आतले दिवे, पंखा, फ्रीज, पाण्याचा पंप चालवणारी लीझर बॅटरी. दुसरीला हाउस बॅटरीही म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र ‘इन्व्हर्टरची बॅटरी’ म्हटले की सगळ्यांना कळते. या बॅटऱ्यांत आत्ता किती चार्ज आहे आणि त्यांची मूळ ताकद किती उरली आहे, हे वेळोवेळी मोजत राहणे म्हणजे देखरेख. पहिली गोष्ट तासातासाला बदलते, दुसरी वर्षावर्षाने. चार्ज उतरला म्हणून चांगली बॅटरी टाकून देणारे आणि चार्जरने वर आली म्हणून मेलेली बॅटरी प्रवासाला नेणारे, दोघेही याच गल्लतीचे बळी.

ठाणे-नवी मुंबईतले कॅम्पर वर्षातले बहुतेक दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे असतात. घोडबंदर रोड असो की खारघर, गाडी स्टिल्टच्या स्लॅबखाली असली तर छतावरच्या सोलर पॅनेलला ऊनच लागत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की अनेकांच्या सहली सप्टेंबरपर्यंत थांबतात. या उभे राहण्याने बॅटरीचे जेवढे नुकसान होते तेवढे घाटरस्त्यांनी होत नाही. सेंट्रल लॉक, अलार्म, जीपीएस ट्रॅकर, स्टिरिओची मेमरी हे सारे बंद गाडीतही थोडा करंट खात असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा असा वापर सर्वसाधारण मानला जातो. पण त्याचा हिशेब दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-अवर होतो (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). ८० अँपिअर-अवरची स्टार्टर बॅटरी अडीच महिन्यांत पूर्ण उतरायला एवढे पुरे आहे. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट उतरलेली राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचा हा स्वभाव बदललेला नाही.

दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असल्या तरी त्यांची घडण निराळी असते. स्टार्टर बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. तिने काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचे. लीझर बॅटरीच्या प्लेटा जाड असतात, कारण तिला तासन्‌तास थोडा थोडा करंट पुरवायचा असतो. त्यामुळे दोघींना एकच कसोटी लावता येत नाही.

व्होल्टेज ही सर्वांत सोपी खूण. चार्जर काढून, सगळा लोड बंद करून चार-सहा तास विसावलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली फारसे काही उरलेले नसते. चार्जिंगनंतर लगेच घेतलेला आकडा वरवरच्या चार्जमुळे फुगलेला असतो, त्यावर विश्वास ठेवू नये.

स्टार्टर बॅटरीची खरी परीक्षा सेल्फ मारतानाच होते. एकाने मल्टिमीटरचे प्रोब बॅटरीच्या शिशाच्या पोलवर धरावेत, दुसऱ्याने सेल्फ मारावा. आकडा १२.६ वरून झर्रकन उतरतो, साडेदहाच्या आसपास टेकतो आणि इंजिन लागताच चौदाच्या घरात जातो. साधा मीटर तेवढा चपळ नसतो. किमान आकडा धरून ठेवणारे बटण असलेला मीटर घ्यावा. भरलेली बॅटरी इथे ९.६ च्या खाली जात असेल तर ती थकली आहे, मग आदल्या रात्री तिने १२.६ दाखवलेले असो. पण बॅटरी बदलण्याआधी आणखी एक माप घ्यावे : एक प्रोब पोलवर, दुसरा त्याच पोलवरच्या क्लॅम्पवर, आणि पुन्हा सेल्फ. इथे जवळपास शून्य यायला हवे. अर्धा व्होल्ट आला तर दोष त्या सांध्यात आहे. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा मळ लवकर साचतो. तो काढून, क्लॅम्प घासून घट्ट केला आणि वर पेट्रोलियम जेली लावली की ‘मेलेली’ बॅटरी अनेकदा पुन्हा नीट चालते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, ठीक समजतात. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या काही गाड्यांत मात्र संगणक हा आकडा मुद्दाम खालीवर करतो. अशा गाडीत लीझर बॅटरी साध्या रिलेने (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या स्विचने) नीट भरत नाही, खालीवर होणारे व्होल्टेज सावरून बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

लीझर बॅटरीचा जमाखर्च मांडावा लागतो. मे महिन्यातला माळशेज घाटातला एक मुक्काम धरू : पंखा २ अँपिअरने आठ तास म्हणजे १६, फ्रीजचा कॉम्प्रेसर चालताना ४ अँपिअर घेतो आणि उकाड्यात निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाचे ४८, दिवे, पंप, मोबाइल मिळून ६. एकूण ७० अँपिअर-अवर. लेड-ॲसिड निम्म्याहून खाली नेऊ नये हा नियम पाळायचा तर १०० अँपिअर-अवरची बॅटरी एक दिवसही पुरत नाही. परतीचा मुरबाड-कल्याणमार्गे ठाण्यापर्यंतचा तीन-चार तासांचा प्रवास तिला पूर्ण भरत नाही. ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते, उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. गाडी तशीच उभी केली की सल्फेट धरायला सुरुवात. म्हणून घरी आल्यावर रात्रभर चार्जर लावणे हा देखरेखीचाच भाग आहे.

हा हिशेब शंट ठेवतो. निगेटिव्ह वायरीत बसवलेला हा अचूक मापाचा रोधक. ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टच्या शंटवर दर अँपिअरमागे ०.१ मिलिव्होल्ट पडतो, आणि त्यावरून मॉनिटर आत गेलेला व बाहेर आलेला करंट मोजतो. बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला शंटखेरीज दुसरी कोणतीही वायर नसावी. नंतर एखादा नवा दिवा जोडताना वायरमन नेमका त्याच पोलला हात घालतो, आणि तेवढा खर्च वहीत कधीच दिसत नाही. बॅटरी अधूनमधून पूर्ण भरून मॉनिटर १०० टक्क्यांवर जुळवला नाही तरीही आकडा भरकटतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला तर शंट हवाच. ३० ते ९० टक्क्यांपर्यंत तिचे व्होल्टेज १३.० ते १३.३ च्या पट्ट्यातच राहते. नुसत्या व्होल्टमीटरवरून काही कळत नाही आणि शेवटी तिचा बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतले संरक्षक सर्किट, अचानक वीज तोडतो. उलट, तिला महिनोन्‌महिने पूर्ण भरून ठेवणे चांगले नाही. पावसाळ्यात निम्म्या चार्जवर ठेवावी. तीच गाडी लडाखला नेली तर शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये.

पाणी घालावे लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीत हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, सर्वांत प्रामाणिक. सहाही सेलची घनता जवळजवळ सारखी हवी. एकच सेल बराच मागे असेल तर तो सेल गेलेला असतो. प्लेटा उघड्या पडण्याआधी डिस्टिल वॉटर घालावे, नळाचे नव्हे. चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिची पेटी झोपायच्या जागेपासून बंदिस्त आणि बाहेरच्या हवेशी जोडलेली असावी.

उष्णतेचाही हिशेब आहे. दर १० अंश वाढीमागे लेड-ॲसिडचे आयुष्य सुमारे निम्मे होते, म्हणून चार्जरचा तापमान सेन्सर बॅटरीलाच चिकटवलेला असावा.

लीझर बॅटरीची उरलेली क्षमता मोजण्याची पक्की रीत वेळखाऊ आहे : पूर्ण भरून, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ५ अँपिअरचा लोड लावायचा आणि १०.५ व्होल्टपर्यंत किती तास लागतात ते पाहायचे. नवी असताना २० तास. १६ तासांच्या आत आली की ती निवृत्तीला आली असे समजतात. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्यायची असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. रस्त्यावर फोडलेल्या बॅटरीचे ॲसिड आणि शिसे गटारातून ठाण्याच्या खाडीत जाते.