गरिबाला साथ धरत नाही म्हणे!

आमच्या विदर्भात खेड्यापाड्यांत अजूनही पारावर ऐकू येतं, की वावरात राबणाऱ्या, ज्वारीची भाकर खाणाऱ्या माणसाला कोरोनानं काही केलं नाही, इटली-अमेरिकावाले नाजूक म्हणून मेले. साफ चूक आहे हे.

इटलीत निम्मे लोक पंचेचाळिशीच्या वरचे, आपल्याकडे निम्मे तिशीच्या आतले, आणि हा रोग म्हाताऱ्यांनाच जास्त मारत होता. एकाच वयाची माणसं दोन्हीकडची घेऊन बघा, गरीब देशात धोका उलट जास्त निघतो. शिवाय नोंदीचं काय? २०२०-२१ ची आपली कोरोना मृत्यूंची सरकारी नोंद ४.८ लाखांच्या आसपास, जागतिक आरोग्य संघटनेचा नेहमीपेक्षा जास्तीच्या मृत्यूंचा अंदाज ४७ लाख. सरकारला तो मान्य नाही, पण घरातच गेलेल्या कितीतरी माणसांची टेस्टच झाली नव्हती हे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय ना.

पेरू बघा, कष्टकऱ्यांचाच देश, पण लोकसंख्येच्या मानानं नोंदलेले मृत्यू जगात सगळ्यात जास्त तिथं, कारण बहुतेकांचं पोट रोजच्या कमाईवर, दाटीवाटीची घरं, आयसीयू बेड मोजके, ऑक्सिजनसाठी रांगा. रोज बुडू नये म्हणून ताप अंगावर काढायचा, तालुक्याला जायला गाडी नाही, जिल्ह्याला पोचेपर्यंत ऑक्सिजन खाली, हे आपल्याकडेही तेच.

आणि १९१८ चा फ्लू? तेव्हा आपला भाग मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, आणि देशात सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या प्रांतांत तो होता. तेव्हाही लोक भाकरच खात होते, फक्त त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलं होतं.