पासवर्ड विसरला म्हणून फॉरमॅट नको

विंडोजचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड विसरला की संगणक फॉरमॅट करावाच लागतो, हा समज फार जुना आहे आणि त्यापायी वर्षानुवर्षांचे फोटो पुसले जातात, याचे मनापासून वाईट वाटते. पासवर्ड खात्याचे दार अडवतो. डिस्कवरच्या फाइली त्याने आपोआप कुलूपबंद होत नाहीत.

खाते मायक्रोसॉफ्टचे असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर ओळख पटवून पासवर्ड मोबाइलवरूनही बदलता येतो. खाते त्या संगणकापुरतेच असेल, तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकून पाहावा: विंडोज १०च्या २०१८मधील १८०३ या आवृत्तीपासून तीन सुरक्षा प्रश्नांची सोय आहे आणि ते आधी भरून ठेवलेले असतील, तर चौकटीखाली ‘रीसेट पासवर्ड’ अशी ओळ उमटते. घरातील दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातूनही पासवर्ड बदलता येतो. मात्र तसे केल्यास ईएफएस या विंडोजच्याच सोयीने कूटबद्ध (म्हणजे इतरांना वाचता येऊ नयेत अशा) केलेल्या फाइली गमावण्याचा धोका असतो, हे आधीच ध्यानात घ्यावे.

यांतले काहीच नसेल, तरी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली काढून घेता येतात; बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय, चालू असल्यास मात्र त्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते.