पॉलिसी काढली, शॉर्टकट तसाच

संपलेल्या प्रोजेक्टचा शॉर्टकट ऑफिसच्या डेस्कटॉपवर ठाण मांडून असतो. पुसला, तर फार तर दोन तासांत पुन्हा हजर. तिकीट टाकलं की आयटीवाला पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशीनवर लादलेला नियम, काढतो. त्यानंतर पुसलेला शॉर्टकट परत येत नाही, पण आपण होऊन जातही नाही. शंभर मशीन असतील तर शंभर ठिकाणी हातानं पुसायचा.

हे दुखणं जुनं आहे. विंडोज एनटी ४.० च्या (१९९६) काळात सगळा कारभार डोमेन कंट्रोलरवरच्या, म्हणजे ऑफिसची लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच्या, एका फाइलचा. लॉगिन करताना त्यातली सेटिंग्ज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, लिहिली जात आणि फाइल काढली तरी तिथेच राहत. याला तेव्हापासून 'टॅटू' म्हणतात, आपलं गोंदणच. ती फाइल तयार करायच्या एडिटरमधल्या चौकटीच्या तीन अवस्था होत्या: टिक म्हणजे लागू कर, कोरी म्हणजे उलट कर, राखाडी म्हणजे हात लावू नको. बंदी उठवायची म्हणून चौकट राखाडी केली, की बंदी कायम.

विंडोज २००० मध्ये ग्रुप पॉलिसी आली आणि रजिस्ट्रीत पॉलिसींना वेगळा कप्पा मिळाला. पॉलिसी काढली की कप्पा रिकामा होतो, त्याखालची तुमची सेटिंग शाबूत. दर ९० मिनिटांनी, अधिक ३० मिनिटांपर्यंतचा फरक धरून, तपासणी. वरचे दोन तास इथले.

मग गोंदण परत कसं आलं? २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एका छोट्या कंपनीची साधनं विकत घेतली आणि विंडोज सर्व्हर २००८ बरोबर ती 'प्रेफरन्सेस' नावानं ग्रुप पॉलिसीच्याच एडिटरमध्ये, पॉलिसीच्या शेजारी बसवली. शॉर्टकट, मॅप केलेले ड्राइव्ह (सर्व्हरवरचे फोल्डर जोडून केलेले), प्रिंटर सगळं त्यात. हे सगळं जोडायला लॉगिनच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट लिहिण्याचा ताप गेला हे खरं, पण एकाच खिडकीत दोन स्वभाव आले. पॉलिसीनं अडवलेलं बटण राखाडी दिसतं. प्रेफरन्सनं लावलेलं बदलता येतं, पुढच्या फेरीत पूर्ववत होतं आणि प्रेफरन्स काढला तरी राहतं. 'लागू नसेल तेव्हा काढून टाक' ही टिक आहे, पण ती मुळात बंद असते. समर्थक म्हणतात, टिक केली की दर फेरीला वस्तू पुसून नव्यानं तयार होते, मग चालू फाइलखालचा ड्राइव्ह निसटतो. मुद्दा बरोबर. तरी दोन्हींना सर्रास 'पॉलिसी' म्हणायची सवय या शेजारामुळेच लागली, असं मला वाटतं. तिकिटावर 'पॉलिसी काढली' एवढंच लिहिलं असेल, तर नक्की काय काढलं हे कळत नाही.

जून २०१६ मध्ये उलटं झालं. एका सुरक्षा अपडेटनंतर वापरकर्त्याच्या पॉलिसी कॉम्प्युटरच्या खात्यानं वाचल्या जाऊ लागल्या. ज्या पॉलिसींवर त्या खात्याला वाचायची परवानगी नव्हती, त्या गुपचूप बंद पडल्या. लपवलेले ड्राइव्ह उघडे पडले, मॅप केलेले गायब झाले. परवानगी दिली की सुरळीत.

पुढे विंडोजमध्ये मोबाइलसारखं व्यवस्थापनही आलं आणि कुठली पॉलिसी लागू आहे ते सांगणाऱ्या जीपीरिझल्ट या आज्ञेच्या अहवालात ते दिसत नाही. '…तुमची संस्था व्यवस्थापित करते' ही ओळ तर घरच्या लॅपटॉपवरही उगवते. तिथे संस्था कुठली? एखाद्या 'प्रायव्हसी' टूलनं पॉलिसीच्या कप्प्यात लिहून ठेवलेलं असतं.