जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय? आधी हे वाचा

(पेट्रोलवर चालणारी वापरलेली गाडी घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"गाडी चांगली हाय, पण सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा वास यायलाय." पुणे, कोल्हापूर नाहीतर गोव्याहून जुनी गाडी आणलेले ग्राहक आमच्याकडे बहुधा हेच सांगत येतात. तोवर कुणी टाकीचं झाकण बदललेलं असतं, कुणी पाइप, कुणी तर टाकीतला पंपच नवा बसवलेला असतो. पैसे गेलेले असतात आणि वास तसाच असतो. म्हणून आमच्या गॅरेजचा एक नियम आहे: गळती डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही भाग बदलायचा नाही. ती आम्ही कशी शोधतो, हे तुम्हालाही माहीत असावं.

घाई कधी करायची

गाडीखाली पेट्रोलचा वास असलेला ओला डाग किंवा थेंब दिसला तर ती वाफेची गळती नाही, पेट्रोलच गळतंय. चावी लावू नका. गाडी ढकलून मोकळ्या जागी न्या आणि आम्हाला फोन करा. ती चालवत आणू नका.

नुसता वास असला तरी हलक्यात घेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत जाते आणि खोलगट जागेत साठते. हवेत ती साधारण १.४ टक्के झाली की एका ठिणगीवर पेटते. आपल्याकडे अंगणात किंवा पडवीत गाडी असते आणि चार पावलांवर पहाटे न्हाणीघराचा बंब पेटवला जातो. वास जाईपर्यंत गाडी तिथून लांब उभी करा. नव्याने घरी आलेल्या गाडीची पूजा करतानाही आत कापूर-उदबत्ती लावू नका. नारळ, हळद-कुंकू आणि हार तेवढं करा, आरती लांबून ओवाळा.

वाफ जाते कुठे

टाकीत पेट्रोलची वाफ सतत होत असते. ती बाहेर सोडायची नाही म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतली वाफ नळीने डब्यात येते आणि कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. डब्याला बाहेरची हवा घ्यायला आणखी एक तोंड असतं. टाकीच्या झाकणापासून इंजिनापर्यंतच्या या वाटेवर कुठेही फट पडली की वास सुटतो.

आता आपल्या भागातली एक सवय. गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून परतताना टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि चोर्ला घाट चढायचा. समुद्रसपाटीवरून निघून बेळगावला पोचेपर्यंत आपण सुमारे साडेसातशे मीटर वर येतो. वर हवेचा दाब कमी, घाटात गाडी तापलेली, त्यामुळे टाकीत वाफ जास्त होते आणि तिला फुगायला जागाच नसते. मग पातळ पेट्रोल नळीतून डब्यात शिरतं. पेट्रोलने भिजलेला कोळसा पुढे नीट काम करत नाही, कधी त्याचे कण सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात. नोझल पहिल्यांदा टक करून बंद झालं की थांबा. पंपावरचा मुलगा "अजून पन्नासचं बसतंय की" म्हणाला तरी थांबा. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाला ही सवय होती का, ते जरूर विचारा.

कधी वास येतो ते लिहून ठेवा

यातच अर्धा शोध होतो. टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल तर आम्ही टाकीच्या वरच्या अंगाला बघतो: पंप टाकीत जिथून उतरतो त्या तोंडाची रबरी रिंग, भरणीचा पाइप, त्याच्या क्लिपा. मागच्या सीटवर जास्त आणि पुढे कमी येत असेल तरी बहुधा तीच जागा. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी चालू व्हायला त्रास देते आणि मग गचके खात चालते, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो. भरताना नोझल सारखं टकटक बंद पडत असेल, किंवा झाकण उघडताना जोरात फुस्स होत असेल, तर डब्याचं हवेचं तोंड बुजलंय का ते बघावं लागतं. खानापूरकडच्या लाल चिखलाने ते बुजतं, कधी कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी नळ्या कुरतडलेल्याही सापडतात.

रबर जुनं झालं की तडकतंच. शिवाय आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यासाठी न बनवलेल्या जुन्या नळ्या आणि रिंगा त्याने फुगतात, मऊ पडतात. बाहेरून गॅस किट बसवलेल्या गाडीत आम्ही आणखी एक गोष्ट बघतो: किट बसवताना कॅनिस्टरची नळी सोडली आणि परत जोडलीच नाही, असं कधी कधी झालेलं असतं.

आम्ही काय करतो

आधी नाक आणि हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च. थंड गाडीवर झाकणाचं रबर, नळ्या, क्लिपा हाताने तपासतो. मग पर्ज व्हॉल्व्ह: इंजिन बंद असताना त्यातून हवा आरपार जाता कामा नये. त्यानंतर धूर. यंत्रातून तेलाचा पांढरा धूर अगदी कमी दाबाने वाफेच्या वाटेत सोडतो आणि दिवा घेऊन गाडीभोवती फिरतो. जिथून धुराची बारीक रेघ निघते तिथे गळती. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा कुणी टाकीत सोडत असेल तर सोडू देऊ नका. तो दाब फार जास्त असतो; धडधाकट जोडही उसवतो, टाकीलाही धोका.

"स्कॅनर लावा, लगेच कळेल," असं बरेच जण म्हणतात. स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र. अमेरिकेतल्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीही संगणक पकडतो, ते व्हिडिओ आपण बघतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा संगणक पर्ज व्हॉल्व्हची वायर शाबूत आहे की नाही एवढंच बघतो. त्यामुळे डॅशबोर्डवरची इंजिनची लाइट पेटली नाही म्हणजे गळती नाही, असं नाही. एमिशन टेस्टचा कागदही इथे उपयोगाचा नाही, ती टेस्ट फक्त सायलेन्सरमधून निघणारा धूर मोजते.

एका ग्राहकाच्या गाडीत आम्हीच घाई केली होती. झाकणाचं रबर चिरलेलं दिसलं, ते बदललं आणि गाडी दिली. आठ दिवसांनी ते परत आले, वास होताच. धूर सोडल्यावर कळलं: आधी कुणीतरी पंप काढून बसवताना जुनीच रिंग वापरली होती आणि ती एका बाजूला दुमडली होती. मागची सीट उचलल्यावर धूर तिथून वर येत होता. झाकणाचे पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून पहिला दोष सापडला तरी धुराची तपासणी पूर्ण केल्याशिवाय गाडी सोडत नाही. एका गाडीत दोन गळत्या असू शकतात.

शोधायची मजुरी आम्ही वेगळी लावतो आणि आधी सांगतो. गळती धुरात तुम्हाला दाखवतो, मग विचारून भाग बदलतो, काढलेला भाग तुमच्या हातात देतो. काही गाड्यांत पंपापर्यंत सीटखालून पोचता येतं, काहींत टाकी खाली उतरवावी लागते. तसं असेल तर जास्तीचा वेळ आणि खर्च काम सुरू करण्याआधीच सांगू.

येताना टाकी पाव ते पाऊण भरलेली असू द्या; गच्च भरलेली असेल तर धुराला आत जागाच राहत नाही. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी आणून ठेवा, सकाळी थंड गाडीवर काम सुरू करता येईल. आधीच्या मालकाकडची बिलं सापडली तर तीही सोबत आणा.