उभी राहून बंद पडलेली गाडी आणि बंद पडली म्हणून उभी राहिलेली गाडी

वाशी-नेरूळच्या सिडको वसाहतींत किंवा ठाण्यात मानपाडा-कोलशेतकडच्या सोसायट्यांत पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खाणारी एखादी मारुती ८००, ऑल्टो नाहीतर वॅगन आर हमखास दिसते. टायर बसलेले, काचेवर दोन-तीन पावसाळ्यांचे ओघळ. विकणारा म्हणतो, "गाडी ठणठणीत आहे, फक्त उभी आहे. बॅटरी टाकली की चालू." किंमत इतकी कमी असते की घेणारा पुढे काही विचारतच नाही.

विचारायचं एकच असतं. गाडी उभी राहिली म्हणून बंद पडली, की बंद पडली म्हणून उभी केली? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि दोन्हींना सेल्फ मारला तरी इंजिन हलत नाही. पहिलीचं काम बहुतेक वेळा ब्रेक, पेट्रोल आणि रबराचं असतं. दुसरीत इंजिन खोलावं लागतं, आणि तिथे खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे सहज जातो.

विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा तारखा बऱ्या. शेवटची पीयूसी कधीची, विमा कधी संपला, शेवटच्या सर्व्हिसचं बिल किंवा दारावरचा स्टिकर किती किलोमीटर दाखवतो, हे बघा. मालक परगावी गेला, नवी गाडी आली आणि जुनी राहून गेली, अशी गोष्ट असेल तर तारखा त्याला साथ देतात. सर्व्हिस वेळेवर झालेली असते, मग एकदम सगळं थांबतं. याउलट शेवटच्या बिलावर रेडिएटर, वॉटर पंप, हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) असलं काही असेल तर सावध व्हा. डिकी उघडा. तिथे पिशवीत सुटे नट-बोल्ट, जुना गॅसकेट किंवा एअर फिल्टरचा डबा पडलेला असेल, तर कुणीतरी इंजिन उघडून खर्च ऐकला आणि काम अर्धवट सोडलं. ही गाडी नक्की दुसऱ्या प्रकारातली.

आता बॉनेट. सेल्फ लगेच मारू नका. आधी ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी बरोबर आणि ऑइल काळपट तपकिरी, तर ठीक. पट्टी कोरडी, ऑइलला जळका वास किंवा बोटावर चोळल्यावर चांदीसारखी चमक दिसली, तर बेअरिंग खाल्लेली असू शकतात. ऑइल टाकायच्या झाकणाखाली दूध घातलेल्या कॉफीसारखा थर असेल, तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. दमट हवेत उभ्या गाडीच्या झाकणाला थोडा फेस येऊ शकतो, म्हणून पट्टीवरही तोच रंग आहे का ते बघून मगच हेड गॅसकेटला दोष द्या. रेडिएटर कोरडा किंवा आत गंजाचं लाल पाणी, हेही गाडी तापून थांबल्याचं लक्षण.

मग इंजिन हाताने फिरवायचं. सगळे स्पार्क प्लग काढा. मागच्या चाकांना विटा लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि ते चाक फिरवा. चाकाबरोबर इंजिन फिरतं. किंवा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला सॉकेट आणि लांब दांडा लावा. मारुतीची ही इंजिनं पुलीकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. फिरलं तर मोठी भीती गेली. नाही फिरलं तर आधी अल्टरनेटर आणि एसीचे बेल्ट सोडून पुन्हा बघा. कधीकधी इंजिन मोकळं असतं आणि एसीचा कॉम्प्रेसर जाम असतो.

तरीही हलत नसेल, तर खरी गल्लत इथेच होते. गंजाने जाम आणि सीझ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गॅरेजमध्ये मात्र दोन्हींना "इंजिन जाम" म्हणतात. उभ्या गाडीत एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो, खाडीकडची खारट ओलसर हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीला, गंजाने चिकटतात. हे वरवरचं असतं. सीझ म्हणजे ऑइल संपून किंवा गाडी तापून धातू धातूवर घासला, पिस्टनचा ॲल्युमिनियम बोअरला लागला किंवा बेअरिंग क्रँकला धरलं. ते तेल ओतून सुटत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे, वेळ मात्र द्यावा लागतो. प्रत्येक प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं अर्धं-अर्धं मिश्रण दोन-तीन चमचे सोडा. दोन दिवस तसंच ठेवा. मग दांड्याने पुढे-मागे हलकं हलवा. गंजाचा जाम आधी केसभर हलतो, मग थोडा जास्त, मग एकदम सुटतो. तीन-चार दिवस हे करूनही तसूभर हललं नाही, तर सीझ धरून चाला. या काळात सेल्फ मारणं किंवा गाडी ढकलून, ओढून चालू करणं सक्त टाळा. चिकटलेली रिंग तुटते, बोअरवर ओरखडा उमटतो आणि पहिल्या प्रकारची गाडी दुसऱ्या प्रकारात जाते.

इंजिन सुटलं की प्लग बाहेर ठेवूनच, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, चांगल्या बॅटरीवर सेल्फ मारा. आत ओतलेलं तेल भोकांतून उडतं, तोंड लांब ठेवा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबून थांबून फिरवा. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. या छोट्या पेट्रोल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला चौरस सेंटीमीटरमागे १२ किलोच्या आसपास आकडा हवा आणि सिलिंडरांमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक नको. ९ च्या खाली आला तर त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. पण उभ्या गाडीचा पहिला आकडा कमीच येतो, रिंगा सुस्तावलेल्या असतात. अर्धा तास चालल्यावर तोच सिलिंडर बऱ्याचदा सुधारतो. चालत्या गाडीची मोजपट्टी इथे लावून हेड उतरवायला सांगणाऱ्या मेकॅनिकला थांबवा.

सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सलग आणि भरभर फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. मारुती ८०० आणि ऑल्टो ८०० मध्ये बेल्ट आहे, ऑल्टो के१० मध्ये चेन. ऑइल टाकायच्या झाकणातून टॉर्च मारा. सेल्फ मारताना आतला कॅम (या बेल्टने फिरणारा, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हलत नसेल तर गाडी नुसती "उभी" नव्हती.

पहिल्या प्रकारच्या गाडीची बाकी कामं ठरलेली आहेत. जुनं पेट्रोल पूर्ण काढा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, पाण्यासोबत टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथला पत्रा व पंप दोन्ही खातं. नवं फिल्टर, पाच लिटर ताजं पेट्रोल, तीनेक लिटर ऑइल, प्लग. मागच्या ड्रमचे लायनर चिकटलेले असतात, व्हील सिलिंडर गळतात. ब्रेकला हात लावल्याशिवाय गाडी पार्किंगमधूनही हलवू नका. टायरवरच्या गोलातले चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसली तरी असे टायर बदलायचेच. आणि एअर फिल्टरचा डबा उघडा. आत लेंड्या, कापूस, कुरतडलेला कागद निघाला तर घुशींनी वायरिंगही सोडलेलं नसणार.

दोन्ही प्रकारांत पत्र्याचा निकाल वेगळा लागतो. मॅटखालचा फ्लोअर, रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा आणि शॉकअपचा वरचा टॉवर (शॉकअप बॉडीला बसतो ती जागा) स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाजाऐवजी भद्द वाजलं की आत सडलंय. टॉवर सडला असेल तर इंजिन कितीही चांगलं असो, गाडी सोडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाशी मातीचा पट्टा असेल तर ती पुराच्या पाण्यात गेलेली गाडी आहे. हिला घेऊच नका.

आता कागद, कारण इथे चांगली गाडीही अडकते. एमएच-०४ असो, एमएच-४३ असो की पनवेलची एमएच-४६, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण, केंद्राची फी ५,००० रुपये. २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००. अर्जाला उशीर झाला तर खासगी कारला महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. नोंदणी संपून अडीच वर्षं झाली असतील तर १५,००० नुसता उशिराचा आकडा, पर्यावरण कर वेगळा. थकलेली चलनं, बँकेचा बोजा हेही बघा. शिवाय आरटीओच्या तपासणीला गाडी न्यावी लागते, म्हणजे दुरुस्तीचे पैसे आधी घालायचे आणि कागदाचा निकाल नंतर. म्हणून आरसीची तारीख बघूनच बॉनेटला हात लावा.

हिशोब मांडताना पहिल्या प्रकाराला बॅटरी, टायर, ब्रेक, पेट्रोलची लाइन आणि कागद धरा. दुसऱ्या प्रकाराला पूर्ण इंजिनचं काम धरा, मेकॅनिक "फक्त गॅसकेट" म्हणाला तरी. ही बेरीज आणि गाडीची किंमत मिळून त्याच मॉडेलच्या चालत्या गाडीएवढी होत असेल, तर चालतीच घ्या.

आणि गाडी भंगारात द्यायची ठरली तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या, मग आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाक्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर गाडी कापली जाते, पण आरटीओच्या दप्तरी ती मालकाच्याच नावावर राहते. तिची नंबरप्लेट दुसऱ्या कुणी लावली, तर चलन आणि पोलिसांचा फोन त्याच मालकाला येतो.