कुलाब्यातून हादरे मोजताना

पालघरकडे जमीन हलली की विरार-बोरिवलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "जाणवला का?" मागोमाग दुसरा, "आता आफ्टरशॉक, म्हणजे मागून येणारे छोटे धक्के, येणार का?" पहिल्याचं उत्तर डोक्यावरचा पंखा देतो. दुसऱ्यासाठी यंत्र हादऱ्याजवळ असावं लागतं, आणि मुंबईने हादरे बहुतेक लांबूनच ऐकले.

1897 च्या शिलाँगच्या भूकंपानंतर दोन-तीन वर्षांत कुलाबा वेधशाळेत ब्रिटिश भूकंपतज्ज्ञ मिल्न यांचं भूकंपमापक आलं. ते होतं दूरदेशीच्या मोठ्या भूकंपांसाठी. त्यातला फोटोचा कागद तासाला 6 सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला 1 मिलिमीटर सरके. आता कोयनेचा धक्का घ्या. साधारण 200 किलोमीटरवरून आधी भूकंपाची वेगवान पी लहर पोचते, 25 सेकंदांनी तिच्यापेक्षा सावकाश असलेली एस. त्या सेकंदांना 8 ने गुणलं की किलोमीटरमध्ये अंतर निघतं. पण त्या कागदावर 25 सेकंद म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. मोजणार काय, कपाळ?

आफ्टरशॉकचा हिशेब तोवर जपानमध्ये झाला होता. 1891 च्या नोबी भूकंपानंतरचे धक्के मोजून भूकंपतज्ज्ञ ओमोरींनी 1894 मध्ये सांगितलं, की दहाव्या दिवशी धक्के पहिल्या दिवसाच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतात.

आपल्याकडे तसं मोजायला कोयना मिळाली. कोयना धरणाचा जलाशय शिवाजीसागर भरू लागल्यावर 1962 पासून तिथे हादरे जाणवू लागले, म्हणून पुढच्याच वर्षी परिसरात भूकंपमापकं बसवली गेली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 चा भूकंप झाला, मुंबईची वीज गेली. पण आधीचे आणि नंतरचे धक्के दोन्ही हाती लागले. बहुतेक 10 किलोमीटरच्या आतले, उथळ. आणि नेहमीच्या भूकंपापेक्षा फार सावकाश ओसरणारे. धरणाच्या पाण्याशी संबंध जोडताना अभ्यासकांनी या सावकाशीवरही बोट ठेवलं.

किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 रोजी हे भाग्य नव्हतं. तिथे जवळ यंत्रं बसवली गेली ती भूकंपानंतरच.

पालघरचं आणखी निराळं. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून छोट्या धक्क्यांची रांग लागली, मोठ्यातला मोठा 4 च्या आसपास. एक मुख्य धक्का आणि मागून त्याची पिल्लं, असा प्रकारच नाही. अभ्यासक याला स्वार्म म्हणतात. त्यामुळे ग्रुपवरचा दुसरा प्रश्न इथे लागूच पडत नाही. ओमोरींचा उतार लावायचा तर कुठल्या दिवसापासून? 2019 च्या थंडीत तिथले लोक घर सोडून तंबूत झोपत होते.